वसईला घर घ्यावं का?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले, की मी एकतीस वर्षं वसईहून चर्चगेटला नोकरीसाठी गेले-आले. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की यावेळी नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळं सदर वसईलाच देऊन टाकते. कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते असं विचारणाऱ्या दोघींनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं. तोवर बरणी कोरडी आहे ना, एवढं बघून घ्या.

आम्ही दोघं मूळचे नाशिकचे. माझी नोकरी अंधेरीला, पत्नीची लोअर परळला. बजेटमध्ये वसई बसतंय. एजंट म्हणतो, स्टेशन दहा मिनिटांवर आहे. वेस्टला घ्यावं की ईस्टला? आणि समुद्र मिळेल म्हणूनही वसईकडे ओढा आहे.
*– एक वाचक, सध्या भाड्याने गोरेगावात*

एजंटाची दहा मिनिटं म्हणजे पहाटे तीन वाजता, रस्ता मोकळा असताना आणि तुम्ही आधीच रिक्षात बसलेले असताना लागणारी दहा मिनिटं. खरी मोजायची असतील तर रविवारी फ्लॅट बघायला जाऊ नका. एखाद्या मंगळवारी कामावरून सुटल्यावर दोघं आपापल्या गाडीने वसई रोडला उतरा. पूल चढून उतरायला गर्दीत किती वेळ जातो ते बघा, रिक्षाच्या रांगेत उभे राहा, वाटेत कोथिंबीर आणि दूध घ्या आणि त्या इमारतीच्या लिफ्टपाशी पोचा. तेव्हा घड्याळ बघा. हा आकडा एजंटाला सांगू नका, तो उगीच वाद घालेल. फक्त घरी गेल्यावर दोघांनी तो कागदावर लिहून ठेवा.

दुसरं. पत्र तुम्ही लिहिलंत, म्हणून हिशेब तुमच्या अंधेरीपासून सुरू झालाय. अंधेरीकराचं वसईत निभतं. विरार फास्ट अंधेरीला थांबते, अंधेरीहून सुटणाऱ्या विरार स्लोही आहेत, आणि अंतर जेमतेम तीस किलोमीटर. पण लोअर परळला फास्ट गाडी थांबतच नाही. म्हणजे तुमच्या पत्नीने संध्याकाळी आधी स्लोने दादरला यायचं आणि तिथे चर्चगेटपासून भरून आलेल्या विरार फास्टमध्ये शिरायचं. दादरला विरार फास्टमध्ये बसायला जागा मिळणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत शेवटच्या वाढपात बासुंदी मिळण्यासारखं आहे. मिळते, पण त्यावर विसंबून घर घेऊ नये. सगळ्या मैत्रिणी उलट्या मुंबई सेंट्रलला किंवा थेट चर्चगेटला जाऊन तिथून बसून येतात. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात आणि रोजचं गुडघ्याचं दुखणं वाचतं. तेव्हा घर तुमच्या नोकरीवरून ठरवू नका. दोघांपैकी ज्याचा प्रवास अवघड, त्याच्या नोकरीवरून ठरवा.

ईस्ट-वेस्टचं थोडक्यात. वेस्टला माणिकपूर, अंबाडी रोड, पुढे पापडी आणि मग जुनं वसई गाव, वाड्या, विहिरी. भाव जास्त. ईस्टला वस्ती नवी, हायवे जवळ, इमारती उंच. दोन्हीकडे चांगल्या सोसायट्या आहेत आणि दोन्हीकडे टँकरही येतात. कुठेही घ्या, पण इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. महापालिकेत त्याची खातरजमा करा. "मिळणारच आहे हो" हे वाक्य आमच्याकडे पंधरा-पंधरा वर्षं टिकतं.

आता समुद्र. वसई रोड स्टेशनपासून तो सहा-सात किलोमीटर लांब आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. मी गिरगावातली. चौपाटी पाच मिनिटांवर होती, भांडण झालं की मी चपला घालून तिकडे जायची. १९८८ साली आम्ही चाळीतली खोली सोडून वसईला ब्लॉक घेतला, तेव्हा सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "समुद्राच्या गावाला चाललोय." पहिल्या वर्षात मी समुद्र दोनदा बघितला. दोन्ही वेळा पाहुणे आले होते म्हणून.

मात्र नायगाव आणि भाईंदरच्या मधे गाडी खाडीच्या पुलावर येते तो दीड-दोन मिनिटांचा समुद्र मला रोज दोनदा मिळाला. सकाळी ओहोटी असेल तर चिखलावर बगळे, कधी भरतीचं पाणी पार वर आलेलं. संध्याकाळी अंधार, फक्त वास. भर जूनमध्ये त्या पुलावर दारातून वारा आत आला, की अख्खा डबा एकदम गप्प व्हायचा. एकतीस वर्षांत मी तेवढाच समुद्र पुरवून पुरवून वापरला. (पुलावरून निर्माल्याच्या पिशव्या आणि नारळ फेकणाऱ्या भाविकांनो, त्याच पुलाच्या कडेने पाणजू बेटावरची माणसं चालत जात-येत असतात. नारळ लागून माणसं जायबंदी झाली आहेत. निर्माल्य घरच्या कुंडीत घाला.)

तर समुद्रासाठी वसई घेऊ नका. दोघंही निदान साडेआठला घरी पोचत असाल, तर घ्या.

मी चोवीस वर्षांची, विरारला राहते. गेले सहा महिने रोज एकाच गाडीच्या लेडीज डब्यात चढते. ठरलेल्या ग्रुपच्या बायका पर्स, रुमाल टाकून जागा धरतात. मी आधी चढले तरी उठवतात. परवा एकीने "ही आमची सीट आहे" असं तोंडावर सांगितलं. भांडू की डबा बदलू?
*– विरारहून एक मुलगी*

अगं, तू ज्यांची तक्रार करते आहेस त्यातली एक मीच होते. तेव्हा उत्तर जरा सांभाळून घे.

१९८८ मध्ये मी नवी होते, तेव्हा मलाही चार महिने बोरिवलीपर्यंत उभं ठेवलं. वसईकरणीचं दुःख तुम्हा विरारकरणींना कळायचं नाही. तुमची गाडी तुमच्या दारातून रिकामी निघते. आमच्याकडे येईपर्यंत विरार आणि नालासोपारा बसलेले असतात. म्हणून आम्ही काही जणी पास विरारपर्यंतचा काढून आधी उलट्या विरारला जायचो आणि तिथून बसून यायचो. याला 'रिटर्न' म्हणतात हे तुला माहीतच असेल, आणि रिटर्नवाल्यांवर विरारकर किती चिडतात तेही. त्या चिडण्यातूनच हे रुमाल आणि पर्सा जन्माला आल्या.

एकदा मला ताप होता. खांबाला धरून डोळे मिटून उभी होते. कोपऱ्यातली एक जाडजूड बाई, जिने चार महिन्यांत माझ्याकडे बघितलंही नव्हतं, ती काही न बोलता सरकली आणि तिघींच्या बाकड्यावर एक वीत जागा झाली. चौथी सीट. अर्धं अंग बाहेर, पण बसले. त्या दिवसापासून मी 'आमची' झाले. मग पुढची तीस वर्षं आम्ही त्या डब्यात मेथी निवडली, गवार मोडली, दसऱ्याला झेंडूची तोरणं बांधून डब्याची पूजा केली, तिघींची डोहाळजेवणं केली. १९९३ मध्ये लेडीज स्पेशल विरारपर्यंत यायला लागली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. माझ्या मिस्टरांच्या ऑपरेशनला रक्त लागलं तेव्हा नातेवाईक अजून फोनच उचलत होते आणि डब्यातल्या दोघी दवाखान्यात येऊन बसल्या होत्या.

हे मी कौतुकाने सांगतेय, पण पुढचंही सांगायला हवं. एकदा संध्याकाळच्या विरार गाडीत भाईंदरची एक मुलगी चढली. आमच्या गाडीत भाईंदरवाल्या कशाला, त्यांना त्यांच्या गाड्या आहेत, हा आमचा न्याय. भाईंदर आल्यावर आम्ही दारातून सरकलोच नाही. मुद्दाम. गाडी सुटली. ती नायगावला उतरली तेव्हा रडत होती, तिचं बाळ पाळणाघरात होतं आणि पाळणाघर सातला बंद होत होतं. आम्ही त्या वेळी हसलो होतो. कोण हसलं ते आम्हा सगळ्यांना आठवतं, पण त्याबद्दल ग्रुपमध्ये पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

म्हणून तुला सांगते. पर्सला सीट नसते. पुढच्या वेळी ती पर्स उचल, शेजारणीच्या मांडीवर नीट ठेव आणि बस. आवाज चढवायचा नाही, "सॉरी" म्हणायचं नाही, मोबाइल काढायचा. एकदाच कर. जमलं तर पुढचे चार दिवस टोमणे ऐकावे लागतील, पाचव्या दिवशी कुणीतरी विचारेल, "कुठे उतरणार?" नाही जमलं तर दोन डबे पुढे जा. आणि वर्षभराने तूही एखाद्या सीटवर रुमाल टाकशील, तेव्हा हे पत्र काढून वाच.

समुद्राजवळच्या घरात खाऱ्या हवेचा त्रास किती होतो?
*– पुण्याच्या वाचक*

ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवायचं. मीठ बरणीत तांदूळ घालून ठेवलं तरी पावसात पाझरतं. पापड-कुरडया पुण्याहून आणल्यात तर जूनच्या आत संपवा. बोअरिंगचं पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. पिण्याचं पाणी सूर्या प्रकल्पाचं, पार धामणी धरणातून येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अमृत आहे.

आम्ही मूळ तासगावचे. मी नायगावला फ्लॅट घेतला आणि वडील गेल्यावर आईला इथे आणलं. आई म्हणते, "तुझ्या गावात माणसं फक्त पाठमोरी दिसतात." दिवसभर गॅलरीत बसून असते. तिला परत पाठवावं का?
*– नायगावहून एक वाचक*

तुमच्या आईंचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. सकाळी सगळे स्टेशनाकडे तोंड करून, म्हणजे गॅलरीकडे पाठ करून. रात्री येतात तेव्हा अंधार. त्यांचं काही चुकलेलं नाही.

मी २०१९ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सवयीने साडेपाचला उठले, डबा करायचा नव्हता म्हणून चालायला बाहेर पडले. आणि मला कळलं, की ज्या गावात मी तीस वर्षांवर काढली त्याला सकाळचे अकरा वाजतात हे मी सुट्टी सोडून कधी बघितलंच नव्हतं. सकाळच्या अकराची वसई वेगळीच आहे. पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात गेलेले वाडीवाले रिकाम्या करंड्या घेऊन परत आलेले असतात. आम्ही जागेसाठी भांडत होतो तेव्हा ते एक खेप करून बसलेले. कोळणी पाट्या घेऊन दारावर येतात. किल्ला बंदरला दांड्यांवर बोंबील वाळत असतात. पापडीच्या बाजारात बायका भाजी विकता विकता घरातलं सगळं सांगतात. वाड्यांमधून बावखळं आहेत, म्हणजे बागायतीला पाणी द्यायला पूर्वीच्या लोकांनी खणलेली तळी. बरीच बुजवली गेली, पण जी आहेत तिथे दुपारी सावलीला बसलेलं माणूस सापडतं, आणि ते तोंडाने तुमच्याकडे बघतं.

या गावात दोन गावं राहतात. एक गाडीच्या वेळापत्रकावर, दुसरं भरती-ओहोटी आणि विहिरीच्या पाण्यावर. तुम्ही आईला पहिल्या गावात आणून बसवलंत, जिथे तिला काही काम नाही. तासगावची बाई. द्राक्षाच्या बागेत राबलेली असणार. तिला दुसऱ्या गावात नेऊन सोडा.

कसं, तर एक दिवस रजा काढा. लग्नकार्यासाठी काढता तशी, खरी. तिला बसने वसई गावात घेऊन जा. किल्ला दाखवा, चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतला ते सांगा, तिला इतिहास नको असेल तर सांगू नका. परतताना एखाद्या वाडीवर थांबून भाजी घ्या. तिथली बाई इथल्या जुन्या समाजांपैकी कुपारी असेल किंवा वाडवळ, तिची बोली तुमच्या आईला पहिल्यांदा अर्धीच कळेल आणि तुमच्या आईची सांगलीकडची तिला अर्धी. त्यावर दोघी हसतील. माझी आणि माझ्या कुपारी शेजारणीची ओळख अशीच झाली, अळूच्या पानावरून. पुढच्या वेळी आईला एकटी जाऊ द्या. पन्नास रुपये आणि बसचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. कार्तिकात वसईजवळच्या निर्मळ गावची यात्रा असते, तोवर तिला कुणीतरी सोबत न्यायला येईल असं मला वाटतं.

आणि तिला एकदा दुपारच्या रिकाम्या गाडीत खिडकीपाशी बसवून दादरला न्या. तुम्ही रोज कशातून जाता, हे तिला माहीत नाही. गर्दीच्या गाडीतून नको, घाबरेल.

हे सगळं दोन-चार महिने करूनही ती "गावी सोड" म्हणाली, तर सोडा. त्यात तुमचा पराभव नाही, आणि तिचा तर नाहीच.

वसई-विरार पावसात बुडतं असं ऐकतो. ग्राउंड फ्लोअर स्वस्त मिळतोय. घ्यावा का?
*– ठाण्याचे वाचक*

जुलै २०१८. गाडी पुढे जाणार नाही असं सांगून आम्हाला वाटेतच उतरवलं. मी ती रात्र बोरिवलीला मामेबहिणीकडे काढली. तिसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा जिन्याच्या चौथ्या पायरीवर चिखलाची रेघ होती. वीज नव्हती, लिफ्ट बंद, मोबाइल सगळ्यांचे मेलेले. खालच्या मजल्यावरच्या आजी आमच्या सोफ्यावर झोपल्या होत्या, त्यांचा फ्रिज त्यांच्याच स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता असं मुलगी सांगत होती. चहूकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही म्हणून लोक बाटल्या विकत घ्यायला कमरेएवढ्या पाण्यातून निघालेले. मिठागरातली कुटुंबं तर पार वेढली गेली होती.

पाऊस जोराचा आणि त्याच वेळी उधाणाची भरती असली, की नाल्यातलं पाणी खाडीत उतरत नाही, उलटं आत येतं. पूर्वी ते सखल जमिनीत आणि मिठागरांत पसरायचं. तिथे भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेतच इथली लोकसंख्या बारा लाखांवर होती, पाण्याने पसरायचं कुठे?

सगळीकडे बुडतं असं मात्र नाही. गल्लीगल्लीत फरक आहे. बिल्डरला विचारू नका. त्या रस्त्यावरचा किराणावाला, पेपरवाला आणि रिक्षावाला अशा तिघांना वेगवेगळं विचारा, "२०१८ ला पाणी कुठवर होतं?" तिघंही हात गुडघ्याखाली दाखवत असतील तर बघा. एकाचा जरी कमरेवर गेला तर स्वस्त का मिळतोय ते कळलंच. जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर खुणा असतात, नवा रंग दिलेला असेल तर अर्ध्या भिंतीलाच का दिलाय तेही विचारा.

वसई ते भाईंदर बोट सुरू झाली ना? मग लोकलची कटकट कशाला?
*– एक वाचक, पत्ता नाही*

रो-रो, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट, २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. रस्त्याने भाईंदरला जायचं तर अडतीस किलोमीटरचा वळसा पडतो, तो वाचतो. स्कूटरवाले खूश आहेत. मीही नातवाला घेऊन दोनदा गेले, त्याला फार आवडलं. पण सकाळी नोकरी गाठायला निघालेल्या माणसाने आधी किल्ल्याच्या जेट्टीवर जायचं, मग भाईंदरला उतरून पुन्हा स्टेशन गाठायचं आणि तिथे विरारहून भरून आलेल्या गाडीत चढायचं, यात कटकट कुठे कमी झाली ते मला कळवा. पत्ता लिहून.

सुकेळी म्हणजे काय? मैत्रिणीने वसईहून आणली होती, पुन्हा कुठे मिळेल?
*– सोलापूरच्या वाचक*

राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, कडक उन्हात आठवडाभर वाळवतात. रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची. मधासारखी तपकिरी होतात, वर साखर घालत नाहीत, ती आतलीच. करणारी घरं आता कमी उरलीत, कारण राजेळीच्या बागाच कमी झाल्या. उन्हाचे दिवस असताना या, वसई गावात किंवा पापडीला विचारा, निर्मळच्या यात्रेतही मिळतात. महाग वाटतील, पण घासाघीस करू नका. आणि परतीच्या गाडीत पुडा उघडू नका. मी एकदा उघडला होता, बोरिवलीला पोचेपर्यंत हातात फक्त कागद राहिला.